आबांची वही आणि विप्रोचे जुने भाव: प्रकल्प नोंदी

७ जून २०२५, शनिवार

अमळनेरहून येताना आबांची, म्हणजे आजोबांची, वही सोबत आणली. लाल कापडी पुठ्ठ्याची, उभी, किराणा दुकानात उधारी लिहायला असते तशी. पहिली ओळ १९८६ सालची आहे: "कंपनीचे ४ शेअर घेतले, दर्शनी १००." (दर्शनी म्हणजे शेअरवर छापलेली किंमत.) अमळनेरात नुसतं 'कंपनी' म्हटलं की पुरे. १९४५ मध्ये वनस्पती तुपासाठी सुरू झालेला तो कारखाना, सनफ्लॉवर वनस्पती आणि ७८७ साबणवाला. त्याचीच पुढे विप्रो झाली. गावातल्या कितीतरी घरांत हे शेअर अजून आहेत.

काम असं ठरवलं आहे. वहीतली प्रत्येक ओळ घ्यायची, त्या काळचा खरा भाव शोधायचा आणि शेअरची संख्या ४ पासून आजपर्यंत एकही टप्पा न गाळता मोजत आणायची. नाना यंदा घराच्या स्लॅबसाठी हजार शेअर विकणार आहेत, त्याचा करही याच कामातून निघेल.

नानांच्या डीमॅट खात्यात आज ५,३३२ शेअर दिसतात. वही २०१० ला थांबते. २०११ मध्ये आबा गेले आणि त्यानंतर कोणी काही लिहिलं नाही.

९ जून

आधी सोपा रस्ता घेतला. इंटरनेटवरून विप्रोच्या जुन्या भावांची तयार फाइल उतरवली आणि १९९६ ची ओळ पाहिली, तर भाव रुपयाच्याही आत. आबांनी त्या वर्षी २२० शेअर विकून घराचा वरचा मजला बांधला. नानांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "अगं, मजल्याच्या विटा मी स्वतः मोजून घेतल्या आहेत. पैशांत शेअर विकून विटा येत नाहीत."

फाइल खोटी नाही. तिच्यातले भाव 'समायोजित' आहेत. १९९६ नंतर बोनस (फुकट मिळणारे जादा शेअर) आणि विभाजनं (एका शेअरचे कमी दर्शनी किमतीचे अनेक शेअर) होत होत तेव्हाच्या एका शेअरचे आज ८०० झाले आहेत, म्हणून तेव्हाचा भाव ८०० ने भागून दाखवला आहे. आलेख काढायला हे योग्यच आहे, नाहीतर प्रत्येक बोनसच्या दिवशी शेअर कोसळल्यासारखा दिसेल. पण १९९६ मध्ये त्या भावाला एकही सौदा झाला नव्हता. आबांच्या हातात आलेला पैसा त्या आकड्यातून निघणार नाही.

आजपासून नियम: कच्चे भाव एका फोल्डरमध्ये, जसे आले तसे, त्यांना हात लावायचा नाही. बोनस, विभाजन, लाभांश यांची वेगळी तक्ता-फाइल. समायोजित भाव हवे तेव्हा या दोन्हींतून काढायचे, साठवायचे नाहीत.

१२ जून

दिवसभर भावकॉपी. राष्ट्रीय शेअर बाजार रोज संध्याकाळी ही फाइल देतो. प्रत्येक शेअरची एक ओळ असते आणि तिच्यात सुरुवातीचा भाव, उच्चांक, नीचांक, बंद भाव, शेवटच्या सौद्याचा भाव, आदल्या दिवसाचा बंद भाव, किती शेअर आणि किती रुपयांची उलाढाल. हे भाव कच्चेच असतात, मला हवे तसे.

बंद भाव म्हणजे शेवटचा सौदा, असं मी इतकी वर्षं समजत होते. तसं नाही. शेवटच्या अर्ध्या तासात, म्हणजे तीन ते साडेतीन, झालेल्या सौद्यांच्या भावांची शेअरसंख्येनुसार भारित सरासरी (जास्त शेअरच्या सौद्याला जास्त वजन) म्हणजे बंद भाव. शेवटच्या सौद्याचा रकाना वेगळा. दोन्ही आकडे बहुधा जवळजवळ असतात, त्यामुळे चूक वर्षानुवर्षं लपून राहू शकते.

अर्धा दिवस तारखांनी खाल्ला. ०३-१२-२०२४ ही तारीख संगणकाने १२ मार्च अशी वाचली. विप्रोचा १:१ बोनस ३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला, तर माझ्या तक्त्यात शेअर मार्चमध्येच दुप्पट झाले होते. १३ तारखेपासून पुढच्या तारखा बरोबर वाचल्या जातात, कारण तेरावा महिना नसतो. म्हणून वरवर पाहिलं तर सगळं ठीक दिसतं. आता वाचतानाच 'दिवस आधी' असं सांगते.

शिवाय ८ जुलै २०२४ पासून भावकॉपीचा साचा बदलला आहे, रकान्यांची नावं निराळी. त्या तारखेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या फाइली वाचायला दोन वेगळे कोड लिहिले.

१५ जून

आज संख्येची साखळी. सलग लिहून ठेवते.

१९८६ मध्येच १०० चा शेअर १० चा झाला, म्हणून ४ चे ४०. १९८७ च्या १:१ बोनसने ८०, १९८९ च्या १:१ ने १६०. १९९० मध्ये आत्याच्या लग्नाला ८० विकले, उरले ८०. १९९२ आणि १९९५ च्या बोनसने १६० आणि मग ३२०. १९९६ मध्ये मजल्यासाठी २२० गेले, उरले १००. १९९७ च्या २:१ ने ३००. १९९८ मध्ये विहिरीसाठी २०० गेले, पुन्हा १००. १९९९ मध्ये १० चा शेअर २ चा झाला, ५००. २००४ च्या २:१ ने १,५००, २००५ च्या १:१ ने ३,०००. २००६ मध्ये शेत घेतलं, २,४०० विकले, उरले ६००. २०१० च्या २:३ ने १,०००. इथे वही संपते आणि इथपर्यंत प्रत्येक आकडा आबांच्या आकड्याशी जुळतो. एवढ्या वर्षांत त्यांनी एकही बोनस चुकवला नाही.

पुढे २०१७ चा १:१, २०१९ चा १:३, २०२४ चा १:१. माझं उत्तर ५,३३३ आणि वर काही अपूर्णांक. खात्यात ५,३३२. एक शेअर कमी. आज सापडला नाही.

बोनसचं प्रमाण वाचताना चूक होते, म्हणून लिहून ठेवते. आपल्याकडे १:३ म्हणजे जवळच्या प्रत्येक ३ मागे १ नवा, ३ चे ४. भाव पाऊणपट होतो, तिसरा हिस्सा नव्हे. २:३ म्हणजे ३ चे ५, भाव ०.६ पट. २:१ म्हणजे १ चे ३.

साखळीचा कोड बरोबर आहे का हे पाहायला इन्फोसिस घेतली, कारण तिचं उत्तर आधीच ठाऊक आहे. १९९३ मध्ये ९५ रुपयांना विक्रीला आलेल्या एका शेअरचे सगळे बोनस आणि एक विभाजन धरून १,०२४ होतात. कोडनेही १,०२४ च दिले. (ही कंपनी १९८१ मध्ये सुरू झाली ती आमच्या पुण्यातच.)

१९ जून

समायोजित आलेखात १९९६ चा भाग जिन्यासारखा दिसत होता. सपाट, मग एकदम पायरी, पुन्हा सपाट. कारण तयार फाइलमध्ये भाव पैशापर्यंत पूर्णांकित केले आहेत. समजा कच्चा भाव २०० आहे. ८०० ने भागला की २५ पैसे. दुसऱ्या दिवशी २०२ झाला तर २५.२५, तो पुन्हा २५ लिहिला जातो, म्हणजे वाढ शून्य. तिसऱ्या दिवशी २०६ झाला तर २५.७५, तो २६ होतो. खरी वाढ दोन टक्के, फाइलमध्ये चार. जितकं मागे जावं तितकं हे वाढत जातं.

माझ्या हिशेबात आता दशांशाची कात्री कुठेच लावत नाही, फक्त छापताना. आणि आलेख लॉग मापावर, म्हणजे जिथे सारखी टक्केवाढ सारख्याच उंचीची दिसते. साध्या मापावर १९९६ चा भाग जमिनीला चिकटतो आणि आबांची सगळी हयात एका रेघेत संपते.

२२ जून

कच्च्या भावांत न नोंदलेले बोनस पकडायला गाळणी लावली: एका दिवसात २० टक्क्यांहून जास्त बदल झाला की ओळ बाजूला काढायची. १:३ बोनसनेही भाव २५ टक्के उतरतो, म्हणजे तोही सापडतो. विप्रोचे सगळे प्रसंग नीट सापडले. २ डिसेंबर २०२४ चा बंद भाव ५८४ च्या आसपास, दुसऱ्या दिवशी व्यवहार २९२ च्या आसपास.

मग तीच गाळणी इतर शेअरांवर चालवली आणि तिथे ती चुकली. ७ जानेवारी २००९ ला सत्यम कॉम्प्युटर १७९ वरून ४० च्या आसपास आला. गाळणी म्हणाली, विभाजन असावं. विभाजन नव्हतं. त्या दिवशी कंपनीच्या अध्यक्षांनी हिशेबातल्या घोटाळ्याची कबुली दिली होती आणि ज्यांच्याकडे शेअर होते त्यांचे तीन चतुर्थांशांहून जास्त पैसे खरोखर गेले. वायदे व्यवहार होणाऱ्या शेअरांना रोजची ठरावीक मर्यादा नसते, त्यामुळे अशी पडझड एका दिवसात होऊ शकते. मी ती ओळ आपोआप 'दुरुस्त' केली असती तर त्या माणसांचं नुकसान माझ्या फाइलमधून पुसलं गेलं असतं. हा विचार दिवसभर मनातून गेला नाही.

निर्देशांकाच्या फाइलवर गाळणी आणखी बारीक लावली, तिथेही तेच. १८ मे २००९, निवडणूक निकालांनंतरचा सोमवार: सेन्सेक्स १७ टक्क्यांहून जास्त वर, वरचं सर्किट (वाढीची ठरलेली मर्यादा) लागून बाजार बंद, उलाढाल जवळपास नाहीच. सगळं खरं. २३ मार्च २०२०: सेन्सेक्स ३,९३४.७२ अंकांनी खाली, १३.१५ टक्के. तेही खरं. म्हणून गाळणी आता काही बदलत नाही, फक्त यादी देते. प्रत्येक ओळीचं कारण मी हाताने लिहिते. कारण सापडलं नाही तर ओळ तशीच ठेवते.

वारांची तपासणीही अशीच ढिली करावी लागली. शनिवार-रविवारच्या ओळी चुकीच्या समजून काढत होते, पण २७ ऑक्टोबर २०१९ च्या रविवारी लक्ष्मीपूजनाचे मुहूर्ताचे सौदे झाले होते आणि १ फेब्रुवारी २०२० च्या शनिवारी अर्थसंकल्पामुळे बाजार उघडा होता. उलट २७ नोव्हेंबर २००८ चा गुरुवार रिकामा आहे. ती मुंबईवरच्या हल्ल्याची सकाळ.

२८ जून

नावं. शेअरचं चिन्ह (बाजारातलं छोटं नाव) हे कायमचं नाव नसतं. गोव्याची सेसा गोवा आधी सेसा स्टरलाइट झाली आणि मग वेदांता. तिन्ही नावांना तीन चिन्हं. यूटीआय बँकेची अॅक्सिस झाली, टेल्कोची टाटा मोटर्स. जोडताना चिन्हावर विसंबलं तर इतिहास मधेच तुटतो. आयसिन या शेअरच्या ओळख क्रमांकावर विसंबलं तरी दर्शनी मूल्य बदललं की तोही बदलतो. शेवटी स्वतःचा एक क्रमांक देऊन 'कोणत्या तारखेपासून कोणतं नाव' असा तक्ता केला. कंटाळवाणं काम आहे, पण याच्याशिवाय पुढचं सगळं वाळूवर.

२ जुलै

१९९६ च्या विक्रीचा भाव वहीत आहे, पण त्या तारखेच्या नीचांक-उच्चांकात तो बसत नाही. आधी वाटलं आबांनी चुकीचा लिहिला. मग वहीची रीत लक्षात आली. पैसे हातात आल्याच्या दिवशीच ते नोंद करत. तेव्हा डीमॅट नव्हतं. तो कायदाच १९९६ चा आणि पहिली डिपॉझिटरी (शेअर कागदाविना खात्यात सांभाळणारी संस्था) त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली. शेअरची प्रमाणपत्रं आणि हस्तांतरणाचा अर्ज दलालाकडे पाठवायचा, सौद्यांचं आवर्तन संपायचं, मग चेक, मग तो वटायचा. सौदा आणि नोंद यांत काही आठवडे. मागचे तीन आठवडे उघडून पाहिले आणि भाव बसला. १९९८ चाही तसाच बसला.

१९९० च्या विक्रीसाठी अशी फाइल नाही. राष्ट्रीय शेअर बाजारात शेअरांचे सौदे सुरू झाले नोव्हेंबर १९९४ मध्ये आणि मुंबई शेअर बाजारात संगणकावरचे मार्च १९९५ मध्ये. त्याआधी दलाल स्ट्रीटवर हाताच्या खुणा आणि आरोळ्या. त्या ओळीपुढे मी लिहिलं: "आधार: वही." तेवढा आधार मला पुरेसा वाटतो.

सेन्सेक्सबद्दलही एक नोंद इथेच. त्याची मालिका १९७९ च्या १०० पासून सुरू होते, पण निर्देशांक जाहीर झाला १९८६ मध्ये. त्याआधीची वर्षं नंतर मागे जाऊन मोजलेली आहेत. तेव्हा कोणी सकाळी उठून 'आज सेन्सेक्स किती' असं विचारलेलं नाही.

५ जुलै

२०१३ वर अडले. त्या वर्षी विप्रोने माहिती तंत्रज्ञान सोडून बाकीचे धंदे, म्हणजे साबण, दिवे वगैरे, विप्रो एंटरप्रायझेस या वेगळ्या कंपनीत टाकले. ५ शेअरमागे तिचा १ शेअर हा एक पर्याय होता. नानांनी तोच घेतला आणि १,००० वर २०० मिळाले. खात्यात ते वेगळ्या ओळीत आहेत आणि समोर भाव नाही, कारण ती कंपनी बाजारात नोंदलेली नाही.

बोनसमध्ये भाव उतरतो आणि संख्या वाढते, हिशेब मिटतो. इथे भावातून एक भाग निघून गेला आणि तो ज्या कागदात गेला त्याला बाजारभावच नाही. तयार फाइली यासाठी कुठला तरी गुणक लावतात, काही लावतही नाहीत, म्हणून दोन ठिकाणचे समायोजित भाव २०१३ च्या मागे एकमेकांशी जुळत नाहीत. मी गुणक लावला नाही. आलेखावर त्या तारखेला उभी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: "इथून २०० शेअर वेगळे झाले." गंमत एवढीच वाटते की अमळनेरच्या तेल-साबणाचा वारसा आता या भाव नसलेल्या ओळीत आहे.

१० जुलै

आज कर. ज्या गोष्टीसाठी नाना रोज फोन करत होते ती.

२०१८ च्या अर्थसंकल्पाने शेअरवरच्या दीर्घकालीन नफ्याला पुन्हा कर लावला, पण ३१ जानेवारी २०१८ पर्यंतची वाढ सोडून दिली. त्यासाठी त्या दिवशीचा बाजारातला सर्वांत जास्त भाव घ्यायचा. बंद भाव नाही, उच्चांक. खरेदीची किंमत धरायची ती अशी: हा उच्चांक आणि विक्रीचा भाव यांतला कमी आकडा, आणि तो मूळ किमतीपेक्षा जास्त असेल तर तोच.

मी सवयीने समायोजित भाव उचलला होता, ११५ च्या आसपास. आज भाव अडीचशेच्या आसपास, म्हणजे शेअरमागे सुमारे १३५ नफा, हजार शेअरवर १ लाख ३५ हजार. सव्वा लाखाच्या सवलतीच्या वर, पुढच्यावर साडेबारा टक्के. कागदावर लिहूनही झालं होतं.

मग कच्ची भावकॉपी उघडली. ३१ जानेवारी २०१८ चा खरा भाव तीनशेच्या वर आहे. नानांकडे त्या दिवशी २,००० शेअर होते. २०१९ आणि २०२४ चे बोनस नंतर आले, ते वेगळे शेअर आहेत आणि त्यांची खरेदी किंमत शून्य. डीमॅटमध्ये आधी आलेला शेअर आधी जातो, म्हणून आता विकायचे हजार या जुन्या २,००० मधलेच. त्यांची किंमत: तीनशेच्या वरचा आकडा आणि अडीचशे यांतला कमी, म्हणजे अडीचशे. विक्रीही अडीचशेला. नफा शून्य.

समायोजित भावात पुढच्या दोन्ही बोनसचा भागाकार आधीच झालेला असतो. कायदा मात्र त्या बोनसचे शेअर स्वतंत्र आणि फुकट आलेले मानतो. दोन्ही एकत्र केलं की तोच बोनस दोनदा वजा होतो. आमच्या सीएंना दाखवलं, त्यांनी होकार दिला आणि हेही बजावलं की जुने २,००० संपले की पुढच्या शेअरांवर जवळपास पूर्ण विक्रीच नफा धरली जाईल. नानांना तेही सांगितलं. म्हणाले, "स्लॅबपुरतं झालं. पुढचं पुढे."

आज एक गोष्ट नीट कळली. वहीत समायोजन कधीच लागलं नाही, कारण आबा भाव आणि संख्या दोन्ही लिहायचे. आलेखात संख्या नसते, म्हणून तिथे भावालाच ते ओझं उचलावं लागतं.

१६ जुलै

लाभांश. नुसत्या भावांच्या मालिकेत ते नसतातच. निर्देशांकाचंही तसंच, निफ्टीचा रोज ऐकू येणारा आकडा लाभांश सोडून असतो, लाभांश पुन्हा गुंतवले असं धरणारा 'एकूण परतावा' निर्देशांक वेगळा. म्युच्युअल फंडांना तुलनेसाठी हा दुसरा वापरणं सेबी या बाजार नियामक संस्थेने फेब्रुवारी २०१८ पासून सक्तीचं केलं, आणि योग्यच केलं.

आबांनी सुरुवातीचे लाभांश वहीत लिहिलेले नाहीत. म्हणून वार्षिक परताव्याचा एकच टक्का काढायचा मोह सोडला. रोख आवक-जावकीचा तक्ता ठेवला, रिकामे चौकोन रिकामेच.

२० जुलै

चुलतभाऊ आला होता. त्याने आजच्या निफ्टीतले पन्नास शेअर घेऊन वीस वर्षं मागे जाऊन एक नियम तपासला आहे आणि निकालावर फार खूश आहे. मी त्याला माझ्या फाइलमधली सत्यमची ओळ दाखवली. तेव्हा ती निफ्टीत होती. आजच्या यादीत नाही, कारण २०१३ मध्ये १७ शेअरना २ या प्रमाणात ती टेक महिंद्रात विलीन झाली. डीएचएफएल या घरकर्ज देणाऱ्या कंपनीच्या भागधारकांना २०२१ मध्ये काहीच मिळालं नाही. त्याच्या तपासणीत तोही शेअर नाही. आजची यादी म्हणजे वाचलेल्यांची यादी. तिच्यावर मागे जाऊन नियम तपासणं म्हणजे उत्तरपत्रिका पाहून परीक्षा देणं. यादी वर्षातून दोनदा तपासली जाते, त्या त्या वेळची यादी घे, असं सांगितलं. नाराज झाला, पण फाइल घेऊन गेला.

आमच्या घरालाही हेच लागू आहे, हे त्याला सांगितलं नाही, इथे लिहिते. वहीच्या शेवटच्या पानावर आबांनी घेतलेल्या आणखी चार कंपन्यांची नावं आहेत. त्यांतली एकही आज बाजारात नाही. घरात गोष्ट मात्र विप्रोचीच सांगितली जाते. ती चार नावंही तक्त्यात घातली, प्रत्येकी शून्यावर संपणारी.

३ ऑगस्ट, अमळनेर

हरवलेला शेअर सापडला. नानांच्या जुन्या पासबुकात २०१९ च्या पानावर विप्रोच्या नावाने एक किरकोळ रक्कम जमा आहे. लाभांश समजून ती मी दोनदा ओलांडून गेले होते. तो लाभांश नाही. २,००० शेअरवर १:३ बोनस म्हणजे ६६६ आणि वर दोन तृतीयांश. अपूर्णांकाचा शेअर देता येत नाही, म्हणून कंपनी असे सगळे तुकडे एकत्र विकून ज्याचे त्याला पैसे देते. ६६६ जमा झाले, २,६६६ झाले, २०२४ मध्ये दुप्पट होऊन ५,३३२. मी दोन तृतीयांश पुढे ओढत नेला आणि २०२४ मध्ये तोही दुप्पट केला होता.

नाना शेजारी बसून होते. वही त्यांच्यापुढे ठेवली, तर म्हणाले, "तूच लिही, तुझं अक्षर आबांसारखं आहे." २०१० च्या ओळीखाली चार ओळी लिहिल्या. २०१३, वेगळी कंपनी, २०० शेअर. २०१७, १:१, एकूण २,०००. २०१९, १:३, आले ६६६, तुकड्याचे पैसे बँकेत. २०२४, १:१, एकूण ५,३३२.